स्नॅच सगळ्यात शेवटी

वाचकाचं पत्र, थोडं छाटून (स्नॅच म्हणजे जमिनीवरचा बार एका दमात थेट डोक्यावर नेणं) :

‘ताई, मी २१ वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या व्यायामशाळेत पाच वर्षं वेटलिफ्टिंग करतोय. सात आठवड्यांपूर्वी १०२ किलोची स्नॅच डोक्यामागे गेली. सोडून द्यायला हवी होती, पण मी ओढून धरली आणि उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला कळ गेली. एमआरआयमध्ये “सुप्रास्पायनेटसला पार्शल टिअर” आलंय. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून पाच आठवडे बारला हात लावला नाही. परत सुरू केलं तर ६० किलोलाच तीच कळ. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सर म्हणतात, दुखणं सगळ्यांनाच असतं, चालू ठेव. वडील हाडवैद्याकडे चल म्हणतात. डॉक्टर आता खांद्यात इंजेक्शन घेऊन बघू म्हणतात. जिममधला एक जण पेप्टाइड आणून देतो म्हणतोय. तीन महिन्यांवर राज्य स्पर्धा आहे आणि त्या सर्टिफिकेटवर माझं पोलीस भरतीचं गणित आहे. घरचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, तिथं हात लावावाच लागतो. मी परत स्नॅच मारू शकेन का? थांबू की उचलू?’

उचल. आधी हे उत्तर देऊन टाकते, कारण पाच आठवडे हात खिशात घालून बसल्यावर तुला ते ऐकायची गरज आहे. मात्र काय उचलायचं, किती आणि कुठल्या कोनात, हे पुढचे काही महिने तुझे सर ठरवणार नाहीत, स्पर्धेची तारीखही ठरवणार नाही. ते तुझा खांदा ठरवेल. आणि हो, तुझ्या पत्रात जे लिहिलंयस तेवढंच असेल, तर तू परत स्नॅच मारशील असं मला मनापासून वाटतं. फक्त ती सगळ्यात शेवटी येईल.

पण ‘तेवढंच असेल तर’ हे मी मुद्दाम म्हटलं. दुसऱ्याच्या मदतीशिवाय हात खांद्याच्या वर नेता येत नसेल, कोणी वर नेऊन सोडल्यावर तो धपकन खाली पडत असेल, खांदा निखळल्यासारखा सरकत असेल, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असेल, मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या येत असतील, किंवा खांदा सुजून ताप येत असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि याच आठवड्यात खांद्याचं काम करणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखव. झटक्याने पूर्ण तुटलेला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, असेल तर वेळ महत्त्वाची असते. तिथे शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. खालचं सगळं अर्धवट फाटलेल्या, पण काम करणाऱ्या खांद्यासाठी आहे.

आता रिपोर्टबद्दल. ‘टिअर’ हा शब्द वाचला की पोरांच्या डोळ्यांसमोर फाटलेलं कापड येतं. खांद्याची खोबण उथळ असते, दंडाच्या हाडाचं गोल डोकं त्यात बशीतल्या चेंडूसारखं टेकलेलं असतं. म्हणून तर हात इतका सगळीकडे फिरतो. त्या गोळ्याला जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात आणि सुप्रास्पायनेटस त्यातला वरचा. त्याचा टेंडन थोडा फाटलेला दिसणं म्हणजे खांदा संपला असं नाही. वर्षानुवर्षं डोक्यावर वजन धरणाऱ्या किंवा बॉल फेकणाऱ्या खेळाडूंच्या एमआरआयमध्ये काही दुखत नसतानाही अशा खुणा सापडतात. त्यातली एखादी तुझ्या खांद्यात त्या स्नॅचच्या आधीपासूनच असू शकते. चित्र एकदा बघून झालं. यापुढे दुखणं, ताकद आणि हालचाल बघायची.

मग विश्रांतीने का बरं वाटलं नाही? डॉक्टर चुकले असं मी म्हणत नाही, पहिले आठ-दहा दिवस शांत बसायलाच हवं होतं. पण टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्याची दुरुस्ती हळू चालते आणि नवीन तंतू नीट एका दिशेने बसायला त्याच्यावर ताण यावा लागतो. ताणच नसेल तर ठणका कमी होतो, पण भार सोसायची ताकदही उतरते. तुझं तेच झालं. दुखेनासं झालं म्हणून तू ६० किलो घेतले. तुझ्या जुन्या खांद्याला ते काहीच नव्हते, पाच आठवडे बसलेल्या खांद्याला फार होते. आता विश्रांती अजून वाढवलीस तर पुढच्या वेळी ४० ला कळ येईल.

सुरुवात अशी कर. दाराच्या चौकटीशेजारी उभा राहा, उजवी बाजू चौकटीकडे. कोपर ९० अंशांत वाकव, ते बरगडीला लावून ठेव आणि कोपर-बरगडीच्या मध्ये घडी घातलेला टॉवेल धर. आता मनगटाची मागची बाजू चौकटीवर टेकवून हात बाहेर फिरवायचा प्रयत्न कर. चौकट हलणार नाही, हातही हलणार नाही, पण खांद्याच्या मागे खोलवर काहीतरी जागं झालेलं कळेल. पूर्ण जोर नको, अर्ध्या ताकदीने ३० ते ४५ सेकंद. श्वास रोखायचा नाही, मान आखडायची नाही. एक-दोन मिनिटं थांबून परत, असे पाच वेळा. मग तळहात चौकटीवर येईल असा फिरून आतल्या दिशेने तेवढेच. रोज. इतकं साधं करून काय होणार, असं तुला वाटेल, लिफ्टरला ते हमखास वाटतं. पण बऱ्याच जणांना अशा धरून ठेवण्याने लगेचच कळ उतरल्याचं जाणवतं, आणि मुख्य म्हणजे त्या टेंडनला हालचाल न करता भार मिळतो.

झोपेचं : डाव्या कुशीवर झोप आणि उजवा हात पुढे उशीवर ठेव, म्हणजे तो छातीवर ओघळत नाही. उताणा झोपलास तर कोपराखाली घडी केलेली चादर घाल. रात्रीची कळ जाणं ही सुधारणेची पहिली खूण असते आणि ती वजनाच्या आधी दिसते.

किती दुखलेलं चालेल, हा खरा प्रश्न. शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत चालेल, पण दोन अटींवर. व्यायाम करताना ते वाढत जाता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा कालच्याइतकाच असला पाहिजे. सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालताना काल नव्हती ती कळ आली, तर काल जास्त झालं. मग पुढच्या वेळी भार कमी. बंद नाही, कमी. हे वहीत लिहून ठेव : तारीख, काय केलं, करताना किती, सकाळी किती. तुझे सर ‘दुखणं सगळ्यांनाच असतं’ म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. कुठलं दुखणं रात्रीत उतरतं आणि कुठलं साठत जातं, हे ओळखणं उरलेलं अर्धं आहे.

या काळात लिफ्टर म्हणून जगणं थांबवू नकोस. पाय आणि कंबर शाबूत आहेत. बॅक स्क्वॉटला बार पाठीवर धरताना खांदा मागे वळतो, तिथे दुखेल. मग फ्रंट स्क्वॉट कर, रॅकमध्ये बोटं अडकवायला त्रास झाला तर बारला पट्टे बांधून ते धर. क्लीन पुल, रोमानियन डेडलिफ्ट, पोटाची कामं, सगळं चालू. स्नॅचच्या रुंद पकडीने पुल करताना खांद्याला ओढ बसत असेल तर क्लीनच्या पकडीने कर. डाव्या हाताने डंबेल प्रेस आणि रो चालू ठेव. एका हाताला मिळालेल्या व्यायामाचा थोडा फायदा दुसऱ्या हातालाही होतो, हे मज्जासंस्थेचं काम आहे आणि ते चांगलं तपासलेलं आहे. आठवड्यातून चार दिवस व्यायामशाळेत गेलास तर मनही ठिकाणावर राहील. जखमी पोरं व्यायामशाळेत जायचं बंद करतात आणि तिथेच मोडतात, हे मी खूप पाहिलंय.

चौकटीचं काम दोनएक आठवडे सोपं वाटू लागलं की रबर बँड घे. कोपर तसंच बरगडीला, टॉवेल तसाच, हात बाहेर फिरवायचा आणि येताना तीन-चार सेकंद घेत सावकाश आणायचा. डाव्या कुशीवर झोपून एक-दोन किलोच्या डंबेलने तेच. पुश-अपच्या स्थितीत कोपर सरळ ठेवून फक्त पाठीची पाती मागे-पुढे कर. पालथं झोपून दोन्ही हात डोक्याच्या दिशेने तिरके उचल, अंगठे छताकडे. रो भरपूर कर. वजन लाजिरवाणं वाटेल, पण हे स्नायू मोठ्या वजनाचे नाहीतच. वजन वाढवलंस की पाठ आणि दंड काम हिसकावून घेतात आणि ज्याला शिकवायचं तो बसून राहतो.

डोक्यावर जायचा रस्ता तिरका असतो. बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं टोक एका हाताने तिरकं वर ढकल, हात पूर्ण उभा न होता खांद्याला दाब कळतो. ते जमलं की हलकं डंबेल डोक्यावर. मग काठी. हो, काठीच. ती डोक्यावर धरून ओव्हरहेड स्क्वॉट कर आणि कोणाला तरी बाजूने मोबाइलवर शूट करायला सांग. मग रिकामा बार, २० किलो. पुश प्रेस, मग पॉवर जर्क, मग जर्क, म्हणजे खांद्यावरचा बार पायांच्या झटक्याने डोक्यावर. जर्क आधी येतो, कारण पकड अरुंद असते आणि बार खांद्यावरून जवळजवळ सरळ वर जातो. स्नॅचमध्ये हात रुंद पसरलेले आणि बाहेर वळलेले, वर वजन वेगाने येऊन थांबणार. फाटलेल्या टेंडनसाठी सगळ्यात अवघड कोन तोच. म्हणून रिकाम्या बारने मसल स्नॅच, मग ब्लॉकवरून पॉवर स्नॅच, मग स्नॅच बॅलन्स आणि त्यानंतर जमिनीवरून पूर्ण स्नॅच. तुझ्या जुन्या वजनाच्या निम्म्यावर दोन आठवडे रेंगाळ, पुढे आठवड्याला पाच टक्क्यांपेक्षा घाई नको.

पूर्ण स्नॅचला हात घालायच्या आधी तीन गोष्टी हव्यात. रात्रीची कळ पूर्ण गेलेली. दोन्ही हात कानांना लागेपर्यंत सारखेच वर जाणारे. आणि एकाच डंबेलने कुशीवरचा व्यायाम करताना उजव्या हाताचे रेप्स डाव्याच्या निदान नव्वद टक्के. शेवटच्यात फसवू नकोस, कोपर उचललं की ते रेप धरायचं नाही.

या सगळ्यात एक नियम माझा हट्ट समज : वर्षभर एकही स्नॅच वाचवायची नाही. मागे जातेय असं वाटलं की हात सोडून पुढे निघायचं. बार पडला तर पडू दे, तो त्यासाठीच रबरी प्लेट घालून असतो. रिकाम्या बारने मागे सोडायचा सराव कर, रोज दोन-तीन वेळा, अंगवळणी पडेपर्यंत.

आता मुळात का दुखलं, ते. वजन मागे गेलं हे निमित्त. मागे का गेलं, ते बघ. घोटे आखडलेले असले की खाली बसताना छाती पुढे झुकते आणि मग बार डोक्यावर ठेवायला खांदे मागे ताणावे लागतात. पाठीचा वरचा भाग ताठर असला किंवा काखेमागचे स्नायू आवळलेले असले तरी तेच. भिंतीपासून चार बोटांवर पाऊल ठेव आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का बघ. लागत नसेल तर खांद्याइतकंच घोट्यांवर काम करायचंय.

आणि दुकान. पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस, मी तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबले. सिमेंटची गोणी ५० किलोची. उचलून कोणत्या खांद्यावर घेतोस? दिवसाला किती? सकाळी व्यायामशाळा आणि दुपारी ट्रक रिकामा करणं, हे खांद्याच्या हिशेबात एकाच वहीत जातं. पाच आठवडे बार सोडलास, पण गोण्याही सोडल्या होत्यास का? नसशील, तर ती विश्रांती झालीच नाही. वडिलांना हे पत्र दाखव. तीन महिने तुला गल्ल्यावर बसू देत, गोण्यांना हमाल लावू देत. हाडवैद्यापेक्षा तुझ्या खांद्याला ही मदत मोठी आहे. वडिलांची काळजी मला समजते, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे गेलेत. पण फाटलेला टेंडन हिसका देऊन बसत नाही आणि जोरात चोळल्याने चिडतो. मान-पाठीला हलकं मालिश, गरम शेक, याला माझी ना नाही. खांद्याला झटका द्यायला कोणाला देऊ नकोस.

इंजेक्शनचं नीट ऐक. डॉक्टर म्हणतात ते बहुधा स्टेरॉइडचं, म्हणजे सूज उतरवणारं कॉर्टिकोस्टेरॉइड. त्याने काही आठवडे बरं वाटतं, रात्रीची झोप मिळते आणि व्यायाम सुरू करता येत नसेल तर कधी कधी ते उपयोगी पडतं. टेंडन त्याने जुळत नाही, पुन्हा पुन्हा घेतलं तर कमजोर होतो. आणि कळ मेल्यावर तू ९० किलो घेशील, ही मला जास्त भीती. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमांत ही औषधं इंजेक्शनने कुठल्याही मार्गाने घेतलेली स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहेत, सांध्यात दिलेलीही. घ्यायचंच ठरलं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग की मी स्पर्धा खेळतो, औषधाचं नाव, मात्रा, तारीख कागदावर घे आणि स्पर्धेच्या तोंडावर घेऊ नकोस. वेदनेच्या गोळ्यांचंही तेच. ट्रामाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे आणि ते पॅरासिटामॉलच्या जोडीने सर्रास लिहून दिलं जातं. पाकिटामागचा घटक वाच.

पेप्टाइड नाही. ते बहुधा बीपीसी-१५७ असेल, सध्या खांदे-गुडघे दुखणाऱ्यांना तेच विकलं जातं. माणसांवर वापरायला त्याला मान्यता नाही, वाडाच्या यादीत ते प्रतिबंधित आहे, स्पर्धा असो वा नसो. बाटलीत खरंच काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. डोपिंगमध्ये ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. बंदी आली तर खांदा बरा होऊनही उपयोग नाही.

राज्य स्पर्धेचं सांगते. तीन महिन्यांत तू तिथे चांगली स्नॅच मारशील असं मला वाटत नाही. आणि नुसता क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) करून येतो, असं आपल्या खेळात चालत नाही. स्नॅचच्या तीन प्रयत्नांपैकी एकही बसला नाही तर टोटलच, म्हणजे दोन्ही प्रकारांची बेरीजच, लागत नाही. म्हणजे सर्टिफिकेटही नाही आणि खांदा आणखी मागे. ही स्पर्धा सोड. भरतीच्या दृष्टीने काय करायचं ते अंदाजावर ठेवू नकोस. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या पदाला कुठल्या पातळीची स्पर्धा आणि कितवा नंबर लागतो, याचे नियम शासन निर्णयात आहेत. जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन ते विचार, तुझ्याकडची जुनी सर्टिफिकेटं घेऊन जा. त्यातलं एखादं चालत असेल तर पडताळणी आत्ताच करून घे. शारीरिक चाचणीत गोळाफेक असते हेही लक्षात ठेव. खांदा बरा होईपर्यंत उजव्या हाताने तोही फेकायचा नाही.

तुमच्या भागात सांगलीच्याच वेटलिफ्टर संकेत सरगरचं उदाहरण रोज दिलं जात असणार. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये ५५ किलो गटात त्याचं सुवर्ण एका किलोने हुकलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावल्यावरही तो तिसऱ्याला उतरला. त्याच्या जिद्दीबद्दल मला अपार आदर आहे. पण ती राष्ट्रकुलची स्पर्धा होती, पुढे एकच लिफ्ट उरली होती, आणि त्यानंतर त्याला कोपरावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तुझ्यापुढे रोजचा सराव आहे. तुझ्या कामाचं उदाहरण मीराबाई चानूचं. खांद्यांच्या असमतोलामुळे तिची स्नॅच अडली होती. २०२० च्या ऑक्टोबरात ती अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. ॲरन हॉर्शिग यांच्याकडे गेली, ते स्वतः आधी वेटलिफ्टर होते. तिथे तिने खांदा आणि हालचाल यांचंच काम केलं. पुढच्या एप्रिलमध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला, आणि जुलैत टोकियोला २०२ किलोच्या टोटलवर रौप्य. ऑलिंपिक तोंडावर असताना ती मूळ दुखण्याकडे वळली.

उरले सर. त्यांच्यापासून लपवून हे करू नकोस आणि सगळ्यांसमोर वादही घालू नकोस. सराव संपल्यावर एकटे गाठ, रिपोर्ट आणि वही दाखव, आणि म्हण, ‘सर, मला सोडायचं नाहीये. सहा महिन्यांत तुम्ही माझी स्नॅच शून्यापासून बांधून द्या.’ काठीपासून लिफ्ट नीट बसवणं हे त्यांचं काम आहे, त्यांना ते कुठल्याही फिजिओपेक्षा जास्त येतं. तालुक्याच्या ठिकाणी खेळाडूंचं काम करणारा फिजिओ मिळाला तर महिन्यातून एकदा दाखव, नाहीतर सांगली-मिरजेला जा. सहा-आठ आठवडे प्रामाणिकपणे करूनही रात्रीची कळ तशीच राहिली किंवा ताकद वाढलीच नाही, तर परत डॉक्टरांकडे जायचं आणि वही सोबत न्यायची.